औषधाच्या पिशवीलाही व्हिसा

शर्यतीचा घोडा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा असेल तर त्याच्यासाठी एक कागद आहे. एटीए कार्ने म्हणतात त्याला. वादकाचं व्हायोलिन, चित्रीकरणाचे कॅमेरे, प्रदर्शनात मांडायचे दागिने, असा कितीतरी माल या एका कागदावर सुमारे 80 देशांच्या सीमा ओलांडतो आणि जकात न भरता परत येतो. या व्यवस्थेचा करार 1961 मध्ये झाला. त्याच वर्षी जगाने आणखी एक करार केला, तो अमली औषधांचा. मॉर्फिन, कोडीन, पेथिडिन यांच्यावर कुणी कसा ताबा ठेवायचा ते त्यात ठरलं. वेदना शमवायला ही औषधं लागणारच, ती पुरेशी मिळायला हवीत, हेही त्याच्या प्रस्तावनेत लिहिलं गेलं. घोड्याची सोय लागली. रुग्णाची अजून लागायची आहे. दुखण्याच्या, झोपेच्या, फिटच्या किंवा मन थाऱ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या घेऊन निघालेल्या माणसाला सगळीकडे चालेल असा एकही कागद आज जगात मिळत नाही.

त्याऐवजी त्याला सल्ला मिळतो: निघण्याआधी त्या देशाचे नियम तपासून घ्या. ऐकायला शहाणपणाचा वाटणारा हा सल्ला माझ्या मते हात झटकण्याचा प्रकार आहे. कायदा करणारं सरकार, तिकीट विकणारी कंपनी, व्हिसा देणारी वकिलात, औषध लिहून देणारे डॉक्टर, या सगळ्यांकडे रुग्णापेक्षा जास्त माहिती असते, किंवा ती मिळवायची ताकद तरी असते. चूक झाली तर कोठडीत मात्र तो एकटा जातो. ही रचना बदलता येण्यासारखी आहे, आणि त्यासाठी लागणारे बरेचसे सुटे भाग आधीच तयार पडलेले आहेत.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये एक ब्रिटिश महिला सुट्टीसाठी इजिप्तमधल्या हुरघाडाला उतरली. बॅगेत ट्रामाडॉलच्या 290 गोळ्या होत्या. तिथे राहणाऱ्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी त्या आणल्या, असं तिचं म्हणणं. ब्रिटनमध्ये हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं आणि पुष्कळ लोक ते घेतात. इजिप्तच्या न्यायालयाने तिला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. वर्षभराहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर 2019 च्या जानेवारीत ती सुटली.

इजिप्तच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, पण ते अर्धवट होईल. त्या देशात ट्रामाडॉलच्या व्यसनाने खरोखरच थैमान घातलं होतं, सरकारने नियम कडक केले ते उगाच नव्हे. शिवाय गोळ्या तिच्या स्वतःच्या नव्हत्या, याकडे मी पुढे येणार आहे. मला खटकते ती दुसरी गोष्ट. ट्रामाडॉल आंतरराष्ट्रीय करारांच्या कुठल्याही यादीत नाही. म्हणजे एखाद्या काटेकोर प्रवाशाने 1961 चा आणि त्यापाठोपाठचा 1971 चा मानसिक परिणाम करणाऱ्या औषधांचा करार काढून, सगळी परिशिष्टं चाळून पाहिली असती, तरी त्याला हे नाव सापडलं नसतं. तो निर्धास्त झाला असता आणि तसाच पकडला गेला असता.

कारण यादी एक नसते. आंतरराष्ट्रीय यादी हा पाया, आणि तिच्यावर प्रत्येक देशाने आपापल्या अनुभवाप्रमाणे, भीतीप्रमाणे, कधी जुन्या सवयीप्रमाणे चढवलेला मजला. मधुमेहामुळे पायांत होणारी आग कमी करायला प्रीगाबालिन देतात. ते करारात नाही, पण ब्रिटनने एप्रिल 2019 पासून त्याला नियंत्रित औषधांत घातलं आणि संयुक्त अरब अमिरातीतही ते नियंत्रित आहे. उलट, पोट बिघडल्यावर घ्यायच्या एका जुन्या गोळीत डायफेनॉक्सिलेट असतं. ते रसायन 1961 च्या करारात पहिल्याच परिशिष्टात बसलेलं आहे, अ‍ॅट्रोपिन मिसळलेल्या कमी मात्रेच्या गोळीला तेवढी सवलत आहे. फिटवरचं फेनोबार्बिटल, झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी दिलेलं अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही सगळी 1971 च्या करारातली. घरोघरच्या औषधांच्या डब्यात असणारी ही नावं आहेत. यांतलं काही बरोबर नेणाऱ्याला आपण अमली पदार्थांच्या कायद्याशी दोन हात करतोय, याची कल्पनाही नसते.

कोडीनचं बघा. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीने थोड्या मात्रेतलं कोडीन दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. ऑस्ट्रेलियात 1 फेब्रुवारी 2018 पासून त्यालाही चिठ्ठी लागते. अमिरातीत ते आणायचं तर सरकारी संकेतस्थळावर आधी परवानगी काढावी लागते. सिंगापूरलाही ठरावीक मात्रेच्या वर मंजुरी हवी, आणि तिथल्या औषध नियंत्रकांकडे किमान 10 कामकाजाचे दिवस आधी अर्ज करायचा असतो. जपानने सीमारेषा टक्क्यांत आखली आहे: 1 टक्क्यापेक्षा जास्त कोडीन असेल तर ते अमली औषध.

या टक्क्यांवर थोडं थांबायला हवं, कारण नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रवासी नसतोच हे इथे स्वच्छ दिसतं. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. जपानमध्ये ते 10 टक्क्यांहून जास्त असलेली गोळी आधी परवानगी काढल्याशिवाय आणायला बंदी आहे. आता गोळीची पट्टी हातात घ्या आणि उजेडात धरा. तिच्यावर लिहिलंय 30 मिलिग्रॅम. टक्के कुठेच नाहीत. ते काढायचे तर अख्ख्या गोळीचं वजन लागणार, म्हणजे औषधाबरोबर तिच्यातली भुकटी, चिकटवण, वरचा रंगीत थर, सगळं धरून. सर्दी झालेल्या माणसाने विमानात चढण्याआधी सोनाराचा काटा आणून गोळी तोलावी आणि त्रैराशिक मांडावं, अशी ही अपेक्षा. तिथल्या अधिकाऱ्यांना कदाचित हे गणित तोंडपाठ असेल. रुग्णाला ते कुणी शिकवलंय?

जपानचंच आणखी एक. एकाग्रतेच्या विकारावर अमेरिकेत सर्रास लिहून दिली जाणारी अ‍ॅम्फेटामिनची गोळी तिथे मुळीच चालत नाही. डॉक्टरांचं पत्र असो, चिठ्ठी असो, मूळ डबी असो, काहीही चालत नाही. त्याच विकारावरचं मिथाइलफेनिडेट मात्र मर्यादेत नेता येतं. चिठ्ठीवरची इतर औषधं एक महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी आयातीचं प्रमाणपत्र काढायचं. नियम कडक आहेत, पण लिहिलेले आहेत आणि त्यासाठी अर्ज करायची सोय आहे, हे जपानच्या बाजूने सांगायलाच हवं. कित्येक देशांत नेमकं कुणाला विचारायचं इथूनच सुरुवात असते.

मग नावांचा घोळ. ब्रँडचं नाव देशाच्या सीमेवर आपला अर्थ बदलू शकतं. फ्लोमॅक्स या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटच्या तक्रारीवरचं टॅमसुलोसिन मिळतं, इटलीत त्याच नावाने सूज उतरवणारं वेगळंच औषध विकलं जायचं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने अशा नावांबद्दल इशाराही दिला होता. 2002 च्या सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा अ‍ॅलन बॅक्स्टर स्लालम स्कीइंगमध्ये तिसरा आला. नाक चोंदलं म्हणून त्याने तिथल्या दुकानातून विक्स इनहेलर घेतला होता. मायदेशी हाच इनहेलर तो वापरत असे. पण अमेरिकेतल्या इनहेलरमध्ये लेव्हमेथाम्फेटामिन हे उत्तेजकांच्या जातीचं रसायन होतं, ब्रिटनमधल्यात नव्हतं. पदक काढून घेतलं गेलं. तो मामला कस्टम्सचा नव्हता, उत्तेजक चाचणीचा होता. पण सारखी दिसणारी डबी दोन देशांत दोन वस्तू असू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटना 1953 पासून औषधांच्या मूळ नावांच्या याद्या प्रसिद्ध करते आहे. त्या नावाने लिहिलेली चिठ्ठी जगात जवळपास कुठेही वाचता येते. तरी बहुतेक चिठ्ठ्यांवर ब्रँडचं नाव असतं, तेही डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात. आणि गोळ्या? त्या कापलेल्या पट्टीत. पट्टीचा जो तुकडा दुकानात राहिला, त्याच्याबरोबर नाव, मात्रा आणि मुदतीची तारीखही राहिली. आपल्याकडे आलेल्या तुकड्याच्या मागच्या चांदीवर अर्धवट अक्षरं, त्यांवर दुमडल्याची रेघ. काहीजण सोयीसाठी सात वारांच्या सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या सुट्या करून भरतात. म्हाताऱ्या माणसाला गोळी चुकू नये म्हणून डॉक्टरच ती डबी सुचवतात. कस्टम्सच्या टेबलावर ती उघडली की आत दिसतात पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, नाव नसलेल्या गोळ्या. घरात शिस्तीची म्हणून कौतुक झालेली डबी इथे संशयाची होते. बहुतेक ठिकाणचे नियम मूळ वेष्टनाचा आग्रह धरतात आणि अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर तो आग्रह चुकीचा नाही. हातमोजे घातलेल्या त्या माणसाला एका पांढऱ्या गोळीतून दुसरी पांढरी गोळी ओळखायची असते, मागे रांग खोळंबलेली असते, आणि चुकलं तर जबाबदारी त्याच्यावर येते.

प्रवाशांच्या बाजूने बोलताना प्रवाशांचंही एक सांगायला हवं. दुसऱ्याचं औषध घेऊन जाण्याची आपली सवय वाईट आहे. परदेशातल्या भाच्याला तिथलं औषध महाग पडतं, मावशीला तिकडे डॉक्टरची वेळ मिळत नाही, मित्राला जुनीच गोळी मानवते, म्हणून आपण चार पाकिटं बॅगेत टाकतो. नाही म्हणणं माणुसकीला धरून वाटत नाही. पण जगभरात प्रवाशाला जी काही सवलत आहे, ती ‘स्वतःच्या उपचारासाठी’ या शब्दांवर उभी आहे. चिठ्ठीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, असं झालं की ती सवलत संपते आणि उरते ती विनापरवाना आयात. हुरघाडाच्या प्रकरणात हेच झालं. पोस्टाने मागवणंही तसंच. 2015 मध्ये टोयोटा कंपनीच्या एका वरिष्ठ अमेरिकन महिला अधिकाऱ्याला जपानमध्ये अटक झाली, कारण तिच्या नावाने अमेरिकेतून आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोनच्या 57 गोळ्या निघाल्या. तीन आठवड्यांनी खटला न भरता तिला सोडलं, पण तोवर तिने पद सोडलेलं होतं. जी सोय प्रवाशाच्या हातातल्या बॅगेला मिळते ती पार्सलला मिळत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत वकिलांची फौज असूनही हे घडतं, तर एकट्यादुकट्या माणसाची काय कथा.

रशियात 2022 मध्ये पकडलेल्या बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनरचं प्रकरण मी मुद्दाम या पंगतीत बसवत नाही. गांजाच्या तेलाचा एक ग्रॅमही नव्हता आणि शिक्षा नऊ वर्षांची झाली, पण तिथे औषधापेक्षा राजकारण मोठं होतं आणि सुटकाही कैद्यांच्या अदलाबदलीत झाली. नियमांविषयी त्यातून फारसं शिकता येत नाही. इतकंच कळतं की एका देशातल्या डॉक्टरांच्या शिफारशीला दुसऱ्या देशाने किंमत द्यावी असं बंधन कुणावरही नाही.

याहून गंभीर वाटणारी बाजू वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. औषध आजार सांगून टाकतं. 1989 मध्ये एक डच आरोग्य कार्यकर्ता सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला निघाला होता. मिनेसोटात उतरल्यावर त्याच्या सामानात एझेडटी सापडलं. एझेडटी बेकायदा नव्हतं. पण ते एचआयव्हीवर देतात हे अधिकाऱ्यांना ठाऊक होतं, आणि अमेरिकेने 1987 पासून एचआयव्ही असलेल्या परदेशी प्रवाशांना बंदी घातलेली होती. त्याला काही दिवस कोठडीत राहावं लागलं. त्या बंदीचा निषेध एवढा वाढला की 1992 ची जागतिक एड्स परिषद बोस्टनहून हलवून ॲम्स्टरडॅमला घ्यावी लागली. बंदी उठायला 2010 उजाडलं. आजही मानसिक आजाराची, एचआयव्हीची, लिंगबदलाच्या उपचारांची औषधं घेणारा माणूस टेबलावर पिशवी उघडताना नियमाला घाबरतो, त्याहून जास्त मागच्या रांगेतल्या डोळ्यांना घाबरतो. म्हणून तो सामान जाहीर करणाऱ्यांच्या रेड चॅनलने जात नाही. ग्रीन चॅनलने निघून जातो. आणि ग्रीन चॅनलमधून चालत जाणं म्हणजे ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असं कायद्याने जाहीर करणं असतं. लाजेपोटी केलेली ही निवड पुढे खोटं बोलल्याचा पुरावा ठरते.

आता असा प्रश्न विचारून पाहा: चुकीच्या व्हिसावर माणूस सहसा विमानात का चढू शकत नाही? कारण पलीकडच्या देशाने त्याला आत घेतलं नाही तर दंड विमान कंपनीला बसतो आणि परत आणायचा खर्चही तिच्या गळ्यात पडतो. म्हणून चेक-इनच्या खिडकीवरचा कर्मचारी पासपोर्ट उघडून ‘टायमॅटिक’ या माहितीसाठ्यात पाहतो. कोणत्या देशाच्या नागरिकाला कुठे जायला काय लागतं, मध्ये विमान बदलताना काय लागतं, कोणती लस लागते, हे सगळं त्यात असतं आणि ते सतत ताजं ठेवलं जातं. कोट्यवधी प्रवाशांसाठी हे काम रोज होतं. ‘आम्हाला शक्य नाही’ असं कुणी म्हणत नाही, कारण न केल्यास पैसे जातात.

औषधाच्या बाबतीत चुकीचा दंड फक्त प्रवासी भरतो. त्यामुळे त्याला कुणी काही विचारतही नाही. तिकीट काढताना जेवण शाकाहारी हवं का विचारतात, खिडकीजवळची जागा हवी का विचारतात. व्हिसाच्या अर्जात आईवडिलांची नावं विचारतात. ‘तुम्ही नियमित औषध घेता का, घेत असाल तर आमच्या देशाचे नियम इथे वाचा’ एवढी एक ओळ बहुतेक अर्जांत सापडत नाही. उत्तर मागायचीही गरज नाही, नुसता दुवा द्यायचा. खर्च जवळजवळ शून्य. माझी पहिली मागणी ही आहे, कारण तिला कुठल्या नव्या कराराची गरज नाही: ज्या देशाने व्हिसा दिला, त्याने औषधांचा नियम त्याच कागदावर द्यावा. आणि दिला नसेल तर नियम माहीत नव्हता, हा प्रवाशाचा बचाव न्यायालयाने निदान शिक्षा ठरवताना तरी ऐकावा.

दुसरी मागणी कागदाची. इथे गंमत अशी की कागद आधीच आहे, पण तुकड्यातुकड्यांत. 1971 च्या कराराचं चौथं कलम देशांना मुभा देतं की प्रवाशाला स्वतःपुरती थोडी औषधं नेऊ द्यावीत, ती कायदेशीरपणे मिळवली आहेत याची खात्री करून घ्यावी. 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांतर्फे अशा प्रवाशांसाठी देशोदेशी कसे नियम असावेत याची मार्गदर्शक सूत्रं छापली गेली. व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ वेगवेगळ्या देशांचे नियम एकत्र करून आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. पण मुभा म्हणजे बंधन नव्हे, सूत्रं म्हणजे कायदा नव्हे, आणि संकेतस्थळावरची माहिती देशांनी कळवली तेवढीच.

युरोपातल्या, आपसांतली सीमातपासणी काढून टाकलेल्या शेंगेन देशांनी मात्र हे करून दाखवलं आहे. 1990 च्या त्यांच्या करारातल्या 75 व्या कलमाप्रमाणे तिथल्या रहिवाशाला नियंत्रित औषधासाठी एक प्रमाणपत्र मिळतं. डॉक्टर ते भरतात, सरकारने नेमलेलं कार्यालय त्यावर शिक्कामोर्तब करतं, प्रत्येक औषधाला एक, मुदत 30 दिवस. नमुना ठरलेला आहे, त्यामुळे एका टोकाच्या देशातला शिक्का दुसऱ्या टोकाचा अधिकारी ओळखतो. 2019 च्या जानेवारीपासून फिनलंडमधल्या डॉक्टरांची डिजिटल चिठ्ठी एस्टोनियातल्या औषधाच्या दुकानात चालू लागली. भाषा दोन, कायदे दोन, पण चिठ्ठी खरी की खोटी हे संगणक क्षणात सांगतो. मग जगभर चालणारा नमुना अशक्य कसा? पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं पुस्तक तर जागतिक आरोग्य नियमांखाली कितीतरी वर्षं सगळीकडे चालतंय. 2016 मध्ये त्याची मुदत 10 वर्षांवरून आयुष्यभराची झाली, तीही जगभर एकाच वेळी. देशांनी ठरवलं की होतं.

हा कागद कसा असावा याबद्दल माझी एक अट आहे. त्यावर आजाराचं नाव नको. औषधाचं मूळ नाव, मात्रा, रोज किती, एकूण किती, कुणाच्या नावाने, कुणी प्रमाणित केलं आणि ते पडताळायचा कोड. अधिकाऱ्याला एवढंच लागतं. रोग जाणून घेण्याची उत्सुकता त्याच्या कामाचा भाग नाही.

यावर पहिला आक्षेप येतो बनावट कागदांचा. येईलच. पिवळी पुस्तकंही बनावट निघतात, पासपोर्टही निघतात. म्हणून कुणी पासपोर्टची पद्धत मोडीत काढली नाही, तो खोटा करणं कठीण केलं. आज जे पत्र दाखवावं लागतं ते डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं साधं पत्र असतं, घरच्या प्रिंटरवर कुणीही छापू शकेल असं. पडताळता येणारा कोड त्याहून वाईट कसा असेल? शिवाय तस्कराला 30 दिवसांच्या डोसात रस नसतो, त्याला किलोने माल हलवायचा असतो. प्रमाणाची मर्यादा ही या व्यवस्थेची खरी राखण आहे.

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा, आणि तो वजनदार आहे. आमच्या देशात कोणतं औषध येऊ द्यायचं ते आम्ही ठरवू. मान्य. एखाद्या देशाला अ‍ॅम्फेटामिन नकोच असेल तर नको. पण ‘हे औषध इथे चालणार नाही’ आणि ‘हे औषध आणलंस म्हणून तू गुन्हेगार’ या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. पडताळलेला कागद, मर्यादेतलं प्रमाण आणि औषध स्वतःहून दाखवलेलं, या तीन गोष्टी असतील तर प्रकरण फौजदारी होऊ नये, ही माझी तिसरी मागणी. औषध ठेवून घ्या, पावती द्या, परत जाताना द्या किंवा नष्ट करा. आणि ठेवून घेताना डॉक्टरला बोलवा. कारण फेनोबार्बिटल किंवा क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं घेणाऱ्याची गोळी एकदम बंद झाली तर त्याला फिट येऊ शकते. जप्ती म्हणजे सौम्य कारवाई, असं कागदावर वाटतं. त्या माणसाच्या शरीरासाठी ती तशी नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत पोकळ वाटतो, तरी तोच सर्वांत जास्त ऐकू येतो: परदेशी जायचं तर तिथला कायदा माहीत असायलाच हवा. तत्त्व म्हणून ठीक. पण रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाडी चालवायची, हे माहीत असणं वेगळं आणि गोळीतल्या दुय्यम रसायनाची वजनाने टक्केवारी माहीत असणं वेगळं. पहिलं अज्ञान बेफिकिरीचं असू शकतं. दुसऱ्या अज्ञानासाठी माणसाला औषधनिर्माणशास्त्राची पदवी नाही एवढंच कारण पुरतं.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर निघणाऱ्याने काय करावं, तर ढोबळपणे असं. मूळ वेष्टन आणि न कापलेली पट्टी मागून घ्यावी. डॉक्टरांकडून मूळ नावाने, टाइप केलेलं, सहीशिक्क्याचं पत्र घ्यावं आणि त्यातलं नाव पासपोर्टशी अक्षरन्अक्षर जुळतंय ना ते बघावं. मुक्कामापुरतं आणि वर थोडे दिवस एवढंच न्यावं. अनेक देश साध्या औषधांना तीन महिन्यांपर्यंत हरकत घेत नाहीत, नियंत्रित औषधांना 30 दिवसांच्या पुढे नाकं मुरडतात. औषध केबिन बॅगेत असावं. इन्सुलिन तर चेक-इन बॅगेत टाकूच नये, गोठलं की ते वाया गेलं.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सुरक्षा तपासणीतून औषध सुटलं म्हणजे ते मंजूर झालं, असं लोक धरून चालतात. 2006 नंतर आलेला, केबिन बॅगेतल्या द्रवांसाठीचा 100 मिलिलिटरचा नियम स्फोटकांच्या भीतीपोटी आहे आणि औषधांना त्यातून सूट मिळते. त्या तपासणीला तुमच्या गोळीच्या कायद्याशी देणंघेणं नाही. ते बघणारा माणूस दुसऱ्या देशात, विमानातून उतरल्यावर भेटतो. तो वाटेतल्या देशातही भेटू शकतो: उड्डाण रद्द झालं, रात्र तिथे काढायची वेळ आली, सामान घेऊन बाहेर पडावं लागलं, की त्या तिसऱ्या देशाचा कायदा लागू. म्हणून नियम पाहायचे ते मुक्कामाच्या आणि विमान बदलण्याच्या, दोन्ही देशांचे, आणि ते त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या किंवा वकिलातीच्या पानावर. शंका असेल तर वकिलातीला ईमेल करावा आणि आलेलं उत्तर छापून पत्राला जोडावं. उत्तर आलं नाही तर पाठवलेला ईमेल तरी जोडावा, म्हणजे आपण विचारलं होतं हे तारखेनिशी दाखवता येईल.